गुंफेंतले देव आणि सात रंगांचा ध्वज

चंद्रपूर शहरांत उत्तरेच्या बाजूनें प्रवेश करणारा मनुष्य जटपुरा दरवाजाखालून जातो. दरवाजाच्या दगडी भिंतीवर, पाहणाराच्या माथ्याहून बऱ्याच उंचीवर, हत्तीला पायांखालीं दाबून उभा राहिलेला एक सिंह कोरलेला आहे. खालून रात्रंदिवस वाहनांची अशी रीघ लागलेली असते कीं, मान वर करून त्या सिंहाकडे पाहण्याची सवड सहसा कोणास होत नाहीं. हा कोट चांद्याच्या गोंड राजांचा. खांडक्या बल्लाळशाहानें त्याचा आरंभ केला आणि पुढील कित्येक पिढ्यांनीं तो पुरा केला अशी परंपरा आहे. इ. स. १७५१ मध्यें हें राज्य नागपूरकर भोंसल्यांकडे गेलें. १८१८ मध्यें इंग्रजी तोफांनीं याच कोटावर मारा केला. पुढें चांद्याचें चंद्रपूर झालें, आणि १९८२ सालीं जिल्ह्याचा पूर्वेकडील अरण्यमय भाग वेगळा काढून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. एवढ्या उलथापालथींत सिंहानें आपली जागा सोडली नाहीं.

तोच सिंह आतां दगडावरून कापडावर उतरला आहे. दरवर्षीं २१ ऑक्टोबरला बाबुराव शेडमाके यांच्या स्मरणार्थ चंद्रपुरांत लोक जमतात. १८५८ सालीं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललेल्या या तरुण गोंड जमीनदारपुत्रास त्याच दिवशीं चांद्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आली होती. २००९ मध्यें भारत सरकारनें त्यांच्या चित्राचें टपालाचें तिकीट काढलें. अशा मेळाव्यांत सात रंगांच्या पट्ट्यांचा एक ध्वज दिसतो, आणि त्याच्या सोबतीस हत्तीवर आरूढ झालेला सिंह. माघी पौर्णिमेस गोंदिया जिल्ह्यांत भरणाऱ्या कचारगडच्या मोठ्या यात्रेंत तर या दोन खुणांवांचून पाऊलही पडत नाहीं. परगांवचा पाहुणा त्यांच्याकडे पाहून हीं चिन्हें अनादि कालापासून चालत आलीं असावीत असा समज करून घेतो. सिंह जुना आहे यांत संशय नाहीं. पण यात्रेचें चिन्ह या नात्यानें त्याचें वय एका माणसाच्या आयुष्याहून अधिक नाहीं. ज्या समाजाच्या देवांना मूर्ति नव्हती आणि ज्यांच्या उत्सवांना फलक ठाऊक नव्हता, त्या समाजाला अशा चिन्हाची गरज कां पडली, हाच या इतिहासांतील खरा प्रश्न होय.

त्यासाठीं गोंडांच्या जुन्या उत्सवाचें स्वरूप आधीं ध्यानांत घ्यावें लागतें. गोंडांची कुळें चार, पांच, सहा आणि सात देवांना मानणाऱ्या गटांत विभागलेलीं आहेत. सोयरसंबंध याच हिशेबानें ठरतात. एका गटांतील कुळांमध्यें लग्न होत नाहीं. प्रत्येक कुळाचा एक थोर देव असतो. त्याला ‘पेर्सा पेन’ म्हणतात. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन अभ्यासकानें १९४० नंतरच्या कांहीं वर्षांत शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यांत राहून या देवाचे विधि बारकाईनें टिपले, आणि त्यांचा ग्रंथ १९४८ मध्यें प्रसिद्ध झाला. या देवाला मुखवटा नाहीं, हातपाय नाहींत. लोखंडी भाल्याचें टोंक आणि चवरी, एवढेंच त्याचें दृश्य रूप. हीं चिन्हें गुंडाळून, गांवापासून दूर, बहुधा झाडावर टांगून ठेवलेलीं असतात. वर्षांतून ठराविक वेळीं कुळाचे लोक जमतात, पुजारी तीं खालीं उतरवितो, त्यांना स्नान घालतो, आणि परधान भाट किकरी वाजवून त्या कुळाची कथा गातो. कथा संपली, जेवण झालें, कीं देव पुन्हां झाडावर.

या उत्सवाची खूण बाहेरच्याला दिसावी अशी मुळीं योजनाच नव्हती. आपला कोण आणि परका कोण, हें जेथें रक्तानें व सोयरिकीनें आधींच ठरलेलें असतें, तेथें ध्वज उभारून सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं. जाणणारा जाणतो, न जाणणाऱ्यानें तेथें येण्याचें कारण नाहीं. कोणत्याही देवळाचें शिखर दूरवरून दिसावें अशी बांधणाराची इच्छा असते. पेर्सा पेनच्या बाबतींत नेमकी उलट दृष्टि आहे.

परंतु झांकून ठेवलेल्या वस्तूला एक धोका असतो. ती नाहींच असें जग धरून चालतें. सरकारी कागदांत गोंडांच्या धर्माला पिढ्यान् पिढ्या वेगळें घर मिळालें नाहीं. त्यांच्याविषयीं जें छापून आलें तें बहुतेक परक्यांच्या हातचें. त्या छापील मजकुरांतही एक मौल्यवान वस्तु मात्र वांचली. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपुरास राहत असत. तेथील हिस्लॉप कॉलेजला त्यांचेंच नांव आहे. १८६३ सालीं नदींत बुडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या पश्चात् रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें त्यांचीं टिपणें संपादून छापलीं. त्यांत एका परधानाकडून उतरून घेतलेलें लिंगोचें दीर्घ गीत आहे. महादेवानें गोंडांना एका गुहेंत कोंडलें, तोंडाशीं भली मोठी शिळा बसविली, आणि लिंगोनें त्यांची सुटका केली, असा त्यांतील कथाभाग. त्या ठिकाणाचें नांव गीतांत ‘काचीकोपा लोहगड’ असें येतें. हिस्लॉपला ही केवळ पुराणकथा वाटली असावी. शंभराहून अधिक वर्षांनीं गोंड समाजांतील शिकलेल्या माणसांनीं तीच ओळ वाचली आणि तिचा पत्ता शोधावयास घेतला.

त्या शोधांत मोतीरावण कंगाली हें नांव अग्रभागीं आहे. त्यांचा जन्म १९४९ चा, मृत्यु २०१५ चा. नागपुरास रिझर्व्ह बँकेंत नोकरी करीत त्यांनीं गोंडी भाषा, कथा आणि धर्मविचार यांवर ग्रंथ लिहिले. त्यांचें मूळचें नांव मोतीराम. तें त्यांनीं जाणूनबुजून मोतीरावण केलें, यावरून त्यांच्या वृत्तीची कल्पना यावी. १९८० नंतरच्या दशकांत त्यांनीं आणि त्यांच्या मूठभर सहकाऱ्यांनीं गीतांतला लोहगड म्हणजे सालेकसा तालुक्यांतील कचारगडची गुहा होय असें प्रतिपादन केलें. हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गोंदिया ओलांडल्यावर दरेकसा नांवाचें लहानसें स्टेशन लागतें. तेथून धनेगांववरून डोंगर चढून या प्रचंड नैसर्गिक गुहेशीं जातां येतें. आरंभीं तेथें जाणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. आज महाराष्ट्राखेरीज मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण आणि ओडिशा येथून लाखांनीं माणसें येतात. चंद्रपूर-गडचिरोलींतून निघणाऱ्यांची संख्याही त्यांत लहान नसते. एकमेकांस भेटतांच ‘जय सेवा’ म्हणतात. यात्रेंत सांगितल्या जाणाऱ्या कथेंत हिरासुका पाटालीर नांवाच्या वादकाच्या किंगरीच्या स्वरांनीं शिळा हालली असें येतें, आणि ऐकणाऱ्यांचे डोळे अजूनही पाणावतात.

येथेंच चिन्हाचा प्रश्न उभा राहिला. कुळाच्या उत्सवास एका कुळाचे लोक येतात. कचारगडला सर्व कुळांचे येणार. मग कोणाचा देव पुढें करावयाचा? एका कुळाची चवरी दुसऱ्या कुळाला आपली वाटणार नाहीं, आणि झाडावरून देव उतरवून लाखो अनोळखी डोळ्यांपुढें मिरविणें हें तर जुन्या मर्यादेच्या सर्वस्वीं विरुद्ध. म्हणून कोणत्याही एका कुळाची नसलेली, आणि तरीही कोणाला परकी न वाटणारी खूण हवी होती. सप्तरंगी ध्वजानें ती गरज भागविली. सात हा आंकडा चार देवांच्या कुळाला तोडीत नाहीं आणि सात देवांच्या कुळाला पुरतो, ही त्यांतील सोय कोणाच्याही लक्षांत येईल.

सिंहाची गोष्ट निराळी. तो देवाचा नव्हे, राज्याचा. पेर्सा पेनला लपविणारी माणसें राजाच्या दरवाजावरील सिंहाला मात्र उघडपणें मिरवूं शकत होतीं, कारण मुळांत तो मिरविण्यासाठींच कोरलेला होता. देव झांकलेला राहिला आणि राज्य उघड झालें. यांत एक शहाणपण आहे, आणि एक तडजोडही आहे. जंगलांतील ज्या गोंडाचा चांद्याच्या राजवाड्याशीं सारा भरण्यापलीकडे संबंध आला नसेल, त्याच्याही खांद्यावर आज राजचिन्ह आलें.

तिसरें साधन लिपीचें. बालाघाट जिल्ह्यांतील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनीं १९१८ मध्यें गोंडीसाठीं एक लिपि तयार केली. दुसरीकडे, आदिलाबाद जिल्ह्यांतील गुंजाळा या गांवीं वेगळ्याच लिपींतील जुन्या पोथ्या आढळल्या, आणि हैदराबादचे जयधीर तिरुमल राव यांनीं त्यांचा अभ्यास चालविला. संगणकावरील अक्षरांच्या जागतिक व्यवस्थेंत मसराम यांची लिपि २०१७ सालीं व गुंजाळा लिपि २०१८ सालीं दाखल झाली. दोन्ही लिपी वाचणारे लोक थोडेच. २०११ च्या जनगणनेप्रमाणें गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख होते. त्यांतील बहुतेक लिहितात तें देवनागरींत किंवा तेलुगूंत. तरीही फलकावर त्या अक्षरांची एक ओळ आली म्हणजे, ती वाचतां न येणारा मनुष्यसुद्धां क्षणभर थबकतो.

हें सारें नवें म्हणून खोटें, असा आक्षेप शहरी सुशिक्षितांकडून अधूनमधून ऐकूं येतो. तो घेणाऱ्यांनीं आपल्याच घराकडे वळून पाहावें. गणपति हा देव्हाऱ्यांतला देव. १८९३ मध्यें लोकमान्य टिळकांनीं उत्सवाच्या सार्वजनिक स्वरूपास आपलें बळ दिलें. त्याच सुमारास पुण्यांत भाऊसाहेब रंगारी यांच्या गणपतीची मूर्ति राक्षसाला मारणाऱ्या वीराच्या रूपांत उभी राहिली. पाटावर मांडी घालून बसलेला गणपति घरच्या माणसांना पुरेसा होता. चौकांतल्या गर्दीला निराळें रूप लागलें. १८९६ मध्यें रायगडावर शिवरायांचा उत्सव झाला, तोही एका अर्थीं नवाच होता. त्यांना आज कोणी बनावट म्हणत नाहीं. मग गोंडांच्याच बाबतींत जुन्या पुराव्याची मागणी कां व्हावी, याचें उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडे नसतें.

असाच प्रसंग युरोपांत, स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील बिल्बाओ शहरावर आला होता. तेथील बास्क लोकांची भाषा आणि खुणा जनरल फ्रँकोच्या राजवटींत दडपल्या गेल्या. त्यांचा ‘इकुर्रिन्या’ हा ध्वज साबिनो आणि लुईस आराना या बंधूंनीं १८९४ मध्यें तयार केला होता. म्हणजे तोही कांहीं पुराणकालीन नव्हे. तो फडकविण्यावरील बंदी १९७७ च्या जानेवारींत उठली. दुसऱ्याच वर्षीं नगरपालिकेनें आपला जुना, निस्तेज झालेला ऑगस्टमधील उत्सव नव्यानें उभारण्याचें ठरविलें, लोकांकडून कल्पना मागविल्या, आणि उत्सवाचा कारभार मोहल्ल्यामोहल्ल्यांतील मंडळ्यांच्या हातीं आला. उत्सवाला एक मुखवटा हवा होता. मारी पुरी एर्रेरो या चित्रकर्त्रीनें अवघ्या कांहीं दिवसांत ‘मारीहाया’ नांवाची एक प्रचंड स्त्रीमूर्ति घडविली: गुबगुबीत, दोन्ही हात आकाशाकडे उंचावलेली, आनंदानें नाचणारी. उत्सवाच्या शेवटीं ती जाळतात आणि पुढल्या वर्षीं पुन्हां करतात. आज बिल्बाओंतील लहान मुलाला मारीहायाशिवाय उत्सव ही कल्पनाच करतां येणार नाहीं. तिचा जन्म १९७८ चा आहे हें तेथें कोणी लपवीत नाहीं, आणि त्यानें तिच्या मानास उणेपणही येत नाहीं.

बिल्बाओकरांना एक गोष्ट अनुकूल होती. त्यांचें शहर एक, आणि चित्रकर्त्रीला काम सांगणारी समितिही एक. गोंडांच्या ध्वजाला अशी समिति मिळाली नाहीं. सभा, संमेलनें, यात्रा आणि वर्गणी यांतून तो घडत गेला. त्यामुळें त्याच्या सात पट्ट्यांचे अर्थ ठिकठिकाणीं निरनिराळे सांगितले जातात. कोणी त्यांत निसर्ग पाहतो, कोणी देवसंख्या. हा दोष समजण्याचें कारण नाहीं.

सिंहाबद्दल मात्र एक सावधगिरी बाळगणें जरूर आहे. हत्तीवर मात करणारा सिंह हें एकट्या गोंडांचें धन नव्हे. ओडिशांत कोणार्कच्या सूर्यमंदिरापाशीं तो आहे. हत्तींना पंजांत धरणारा शरभ रायगडाच्या दरवाजावरही आहे. शिल्पी एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जात, त्यांच्याबरोबर नक्षीही जाई. तेव्हां सिंहाच्या एका आकृतीवरून साऱ्या गोंडवनाच्या प्राचीन साम्राज्याचा नकाशा आंखूं पाहणारे उत्साही लेखक आपल्याच बाजूचें नुकसान करतात. चांद्याच्या राजांनीं तो आपल्या वेशीवर बसविला आणि त्यांच्या वंशजांनीं तो आपला मानला, एवढा पुरावा पुरेसा आहे.

नव्या खुणेनें काय साधलें हें २०११ च्या शिरगणतींत दिसतें. धर्माच्या रकान्यांत, छापील यादींत नसलेलें ‘गोंड’ वा ‘गोंडी’ हें नांव स्वतःहून लिहविणारे लोक दहा लाखांहून अधिक निघाले. यात्रेंत ध्वज पाहिलेला मनुष्य गणना करणाऱ्या शिक्षकापुढें कांहीं निराळें बोलूं लागला असें म्हटल्यास तें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

गडचिरोलीच्या दक्षिण भागांत हाच प्रश्न अधिक तीव्र आहे. एटापल्ली तालुक्यांत सुरजागडचा डोंगर लोहखनिजानें भरलेला आहे, आणि त्याच डोंगरावर ठाकूरदेवाचें ठाणें आहे. दरवर्षीं जानेवारींत भोंवतालच्या अनेक गांवांचे माडिया लोक तेथें यात्रेस जमतात. गीतांतला लोहगड कोणता याची चर्चा पंडितांनीं करावी. येथें तर डोंगर डोळ्यांदेखत खणला जात आहे. खाणीला विरोध करणाऱ्यांनीं याच यात्रेंत ठराव केले. ज्या देवाचें ठाणें नकाशावर नाहीं, त्याच्या डोंगरावरील हक्क कोणत्या कागदानें सिद्ध करावयाचा? अशा वेळीं दूरवरून दिसणारी खूण ही हौसेची बाब राहत नाहीं. खाणीचा नकाशा करणाऱ्यालाही ती दिसावी लागते.

पण माडियांच्या बाजूनें एक शंकाही उरते. भामरागड-एटापल्लीकडील माडिया हे चांद्याच्या दरबाराचे गोंड नव्हेत. त्यांची बोली वेगळी, गोटुलची रीत वेगळी, गांवोगांवचे देव वेगळे. सात रंगांचा तोच ध्वज आणि दरवाजावरचा तोच सिंह सगळीकडे पोंचला, तर ज्या लहान लहान भेदांच्या रक्षणासाठीं ही सारी धडपड सुरू झाली, तेच भेद त्याखालीं झांकले जाण्याचें भय आहे. शिवाय यात्रेच्या वाटेवर आतां पुढाऱ्यांच्या छबींचे रंगीत फलक इतके दाटीनें लागतात कीं, कित्येकदां बिचारा सिंह कोणाच्या तरी फेट्यामागून डोकावतांना दिसतो. एकदां चिन्ह उघड्यावर आणलें, कीं तें कोणी हातांत धरावें याचा बंदोबस्त करणें कठीण होतें. झाडावरच्या देवाला ही पीडा नव्हती.

चंद्रपुरांतील मूळच्या सिंहाचीही मध्यंतरीं उपेक्षाच झाली होती. कोटाच्या तटावर झाडेंझुडपें माजलीं होतीं, बुरुजांवर केरकचऱ्याचे ढीग साचले होते. २०१७ पासून इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनीं दररोज सकाळीं श्रमदान करून तट मोकळा करण्याचें काम हातीं घेतलें, आणि कित्येक वर्षांनीं नागरिकांना आपल्या कोटावर चढून चालतां आलें.

माघांत कचारगडहून परतणारा यात्रेकरू ध्वजाची घडी करून पेटींत ठेवतो. जिवती तालुक्याच्या सीमेवर जंगुबाईच्या ठाण्याशीं पौषांत जे लोक जमतात, त्यांच्यापैकीं पुष्कळ जण कचारगडलाही गेलेले असतात. लिंगोबरोबर गोंडांची सुटका करणारी जंगो ती हीच असें ते मानतात. आणि त्यांच्याच कुळाचा थोर देव, भाल्याचें टोंक व चवरी, गांवाबाहेर आपल्या झाडावर गुंडाळलेला असतो. त्याला खालीं उतरविण्याचा दिवस आला कीं परधान किकरी घेऊन येतो, कुळाचे लोक जमतात, आणि त्या दिवशीं तेथें कोणताही ध्वज लावीत नाहींत.